तारीख विचारू नकोस, काम विचार

कॉव्हेंट्री,
रविवार

चि. मुक्ता,

तुझं पत्र वाचलं. तुझ्या कोब्रा गाडीची तारीख कारखान्याने पुन्हा पुढे ढकलली, ऑफिसातला तो मुलगा येता-जाता "डुप्लिकेट आली का?" असं विचारतो, आणि ऑर्डर रद्द करून पैसे परत मागावेत असं आता तुझ्या मनात घोळतंय. शेवटी तू विचारलंस की अण्णाआजोबा, तुम्ही जन्मभर पत्र्याचं काम केलंत, तुम्हीच सांगा, एक गाडी बनवायला इतका वेळ लागतो का?

लागतो, पोरी. तो का लागतो हे नीट कळलं तर पुढचे महिने तू चिडचिड करत काढणार नाहीस. पण सगळाच उशीर कामाचा नसतो. काही उशीर कामाचा असतो, काही थापेचा, आणि हे दोन वेगळे ओळखता आले पाहिजेत. त्यासाठीच हे पत्र. लांबलं तर सावकाश वाच.

आधी तू काय मागवलं आहेस ते बघू. तू जिची प्रतिकृती मागवलीस ती कोब्रा मुळात दोन देशांनी मिळून केलेली गाडी. इंग्लंडमध्ये लंडनच्या नैर्ऋत्येला टेम्स डिटन नावाचं गाव आहे. तिथे एसी कार्स ही छोटी कंपनी 'एस' नावाची दोन माणसांची उघडी गाडी बनवायची. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, वजनाला हलकी, दिसायला देखणी. तिला लागणारं ब्रिस्टलचं सहा सिलिंडरचं इंजिन १९६१च्या सुमारास बंद झालं आणि कंपनी अडचणीत आली. त्याच वेळी तू राहतेस त्या टेक्सासचा कॅरोल शेल्बी नावाचा माणूस रिकामा बसला होता. हा गडी आधी कोंबड्या पाळायचा. रोगाने कोंबड्या गेल्या तेव्हा शर्यतीत उतरला आणि १९५९मध्ये अ‍ॅस्टन मार्टिन चालवून त्याने ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे हृदयाच्या दुखण्यामुळे त्याला शर्यत सोडावी लागली. त्याने एसीला पत्र लिहिलं की तुमची चॅसी आणि बॉडी द्या, मी त्यात अमेरिकन व्ही-८ बसवतो. इंजिनासाठी फोर्डला गळ घातली. फोर्डचं नवं हलकं व्ही-८ नुकतंच निघालं होतं, आणि फोर्डला शेवरलेच्या कॉर्व्हेटला तोड हवी होती.

आता हे लक्ष देऊन वाच. १९६२च्या फेब्रुवारीत पहिली गाडी टेम्स डिटनहून लॉस एंजेलिसला पोचली ती इंजिनाशिवाय. तिथल्या एका गॅरेजात शेल्बी आणि त्याच्या मित्रांनी काही तासांत फोर्डचं इंजिन आणि गिअरबॉक्स तिच्यात बसवून ती रस्त्यावर काढली. पुढच्या गाड्याही तशाच यायच्या. रंग, गाद्या, चाकं, सगळं इंग्लंडात लागायचं आणि इंजिन कॅलिफोर्नियात. तू तक्रार केलीस की "माझी गाडी दक्षिण आफ्रिकेत बनते, इंजिनाशिवाय बोटीने येते आणि मग टेक्सासात इंजिन बसतं, हा काय द्राविडी प्राणायाम?" अगं, मूळ कोब्रासुद्धा अशीच जन्माला आली! ही पद्धत तुझ्या कारखान्याने आळसाने काढलेली नाही.

शेल्बीजवळ सुरुवातीला दाखवायला ती एकच गाडी होती. एका मासिकाच्या माणसाने ती चालवून परत केली की तिला वेगळा रंग द्यायचा आणि दुसऱ्या मासिकाकडे पाठवायची, म्हणजे वाचणाऱ्यांना वाटावं की कारखान्यातून गाड्या धडाधड निघताहेत. तीच गाडी २०१६मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर्सना गेली. सगळ्या मिळून मूळ कोब्रा हजाराच्या आसपासच बनल्या. ज्यांच्याकडे त्या आहेत ते विकत नाहीत, आणि विकल्या तरी तुझ्या-माझ्यासारख्यांना त्या घेता येणार नाहीत. म्हणून ती गाडी ज्याला चालवायची आहे, नुसती काचेमागे बघायची नाही, त्याने प्रतिकृती मागवणं हा सरळ, प्रामाणिक मार्ग आहे. तो मुलगा काय म्हणतो ते सोडून दे. त्याच्याकडे मी पुढे येतोच.

आता बॉडीकडे वळू, कारण वेळ खरा तिथे जातो.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फाउंड्रीतून इथे आलो तेव्हा कॉव्हेंट्रीत अजून हाताने पत्रा वळवणारी माणसं होती. इंग्लिश व्हील नावाचं यंत्र असतं. यंत्र कसलं, लोखंडी कमान आणि तिच्यात एकावर एक अशी दोन चाकं. वरचं सपाट, खालचं किंचित फुगीर. त्यांच्यामधून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पुढे-मागे, पुढे-मागे ओढायचा. प्रत्येक फेऱ्यात पत्रा केसभर ताणला जातो आणि हळूहळू फुगतो. एका मडगार्डाचा उंचवटा आणायला कारागीर दिवसभर उभा असायचा. मध्येच पत्रा लाकडी साच्यावर ठेवून बघायचा, कुठे उजेड दिसतो ते हेरायचा आणि पुन्हा चाकाखाली घालायचा. मूळ कोब्राच्या बॉड्या अशाच हाताने झाल्या. म्हणून दोन मूळ कोब्रा शेजारी उभ्या केल्या तर त्या तंतोतंत सारख्या भरत नाहीत.

तुझी बॉडी बहुतेक प्रतिकृतींप्रमाणे फायबरग्लासची आहे. फायबर म्हटलं की लोकांना वाटतं साच्यात ओतलं आणि काढलं. तसं नसतं. मोदकाच्या साच्यात जशी आधी पारी लावतात तसं हे काम बाहेरून आत जातं. साच्याला मेण लावून आधी जेलकोटचा पातळ थर द्यायचा, जो शेवटी गाडीचा बाहेरचा पृष्ठभाग होणार. तो चिकट असतानाच काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, रेझिनने भिजवायची आणि खाचांच्या रोलरने दाबून हवेचा प्रत्येक बुडबुडा बाहेर काढायचा. मग पुढचा थर. घाई करून हार्डनर जास्त घातला तर रेझिन तापतं आणि तडकतं. कोपऱ्यात बुडबुडा राहिला तर दोन वर्षांनी टेक्सासच्या उन्हात नेमका तिथेच रंगाला फोड येतो.

बॉडी साच्यातून निघाली म्हणजे काम झालं असं नाही. पॉलिएस्टर रेझिन वरून कडक झालं तरी आतून मुरायला आठवडे घेतं आणि मुरताना किंचित आकसतं. त्याआधीच रंग मारला तर गाडी शोरूममध्ये आरशासारखी दिसते, आणि पहिला उन्हाळा लागला की रंगाखालून मॅटच्या धाग्यांची नक्षी वर येते. गडद रंग जास्त तापतो, म्हणून गडद रंगावर हे जास्त होतं. तू गार्ड्समन ब्लू निवडला आहेस, वर पांढरे पट्टे. रंग अगदी कोब्राचा आहे, मला फार आवडला. पण त्या निळ्यासाठी बॉडी पुरती मुरलेलीच हवी. चांगले कारखाने रंगाआधी बॉडी गरम खोलीत ठेवतात, थंड होऊ देतात, मग पुन्हा घासतात. या काळात फॅक्टरीत गेलीस तर तुझी गाडी एका कोपऱ्यात नुसती उभी दिसेल. कोणी हातसुद्धा लावत नसेल. तेही कामच चालू आहे असं समज.

मग घासकाम. साच्याचे तुकडे जिथे जुळतात तिथे बॉडीवर रेघा उमटतात. त्या कापून, आतून मजबूत करून, वर लांबी भरून सपाट करायच्या. नंतर प्रायमर. प्रायमरवर काळ्या रंगाचा नुसता फवारा उडवायचा आणि हातभर लांब फळीला पॉलिश पेपर लावून सगळी बॉडी तिरकी घासायची. उंच भागावरचा काळा रंग निघून जातो, खोलगट जागी तो राहतो. जिथे काळं राहिलं तिथे पुन्हा लांबी, पुन्हा प्रायमर, पुन्हा फवारा. कोब्राच्या अंगावर एकही सपाट जागा नाही. मागचं मडगार्ड दाराकडे उतरताना जो बाक घेतं तिथे आखूड फळी वापरली तर लाटा पडतात आणि लांब वापरली तर बाक मरतो. तिथे माणसाचा हातच लागतो.

हे काम तपासायची आमची एक रीत आहे, तुला सांगून ठेवतो. तळहातावर धुतलेलं पातळ सुती फडकं घ्यायचं आणि पंजा पसरून बॉडीवरून सावकाश फिरवायचा. बोटांनी नाही, तळव्याने. नजर दुसरीकडे ठेवायची. डोळ्याला न दिसणारा खळगा तळव्याला कळतो. गाडी ताब्यात घेशील तेव्हा सगळ्यांसमोर असंच कर, लाजू नकोस. तिथल्या जुन्या रंगाऱ्याला लगेच कळेल की ही मुलगी काम ओळखते, आणि तो तुला राहिलेल्या चार गोष्टी आपणहून दाखवेल.

दारं आणि बॉनेट यांच्या फटी हे आणखी एक वेळखाऊ प्रकरण. दोन्ही बाजूंची फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी, आणि ती रंगाची जाडी धरून सारखी हवी. रंगाआधी दार घट्ट बसवलं तर रंगानंतर कडा घासून रंग उडतो. म्हणून बिजागऱ्या लावायच्या, काढायच्या, पुन्हा लावायच्या. पांढरे पट्टे तर शेवटी. नाकापासून शेपटीपर्यंत ते बॉनेटवरून, हवेच्या तोंडावरून, डिकीवरून जातात. प्रत्येक फटीपाशी दोन्हीकडची रेघ जुळली पाहिजे.

तुझ्या आईला सांग, हाताने बनवून घेतलेल्या गाडीची वाट बघणं आपल्या गावाला नवं नाही. दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी येते ती तिने पाहिली आहे. त्या काळात मेबॅक कारखाना चॅसी आणि इंजिन द्यायचा आणि बॉडी गिऱ्हाइकाच्या सांगण्याप्रमाणे बॉडी बांधणारे कारागीर वेगळी बांधायचे. राजेलोकसुद्धा थांबायचे. आणि प्रतिकृतीचंही आपल्याकडे वावडं नाही. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा नावाची छोटी कंपनी निघाली होती. तिने लोटस सेव्हन या गाडीच्या धर्तीवर रोडस्टर बनवली, अ‍ॅम्बॅसडरमध्ये यायचं तेच इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन घालून.

आणि माझ्या या कॉव्हेंट्रीची गोष्ट ऐक. १२ फेब्रुवारी १९५७च्या रात्री ब्राउन्स लेनच्या जॅग्वार कारखान्याला आग लागली. शर्यतीच्या गाडीवरून रस्त्यासाठी केलेल्या 'एक्सकेएसएस' नावाच्या २५ गाड्या बनायच्या होत्या, त्यांतल्या ९ जळाल्या. कंपनीने त्या पुन्हा केल्या नाहीत. जवळजवळ साठ वर्षांनी, २०१६मध्ये, त्याच जॅग्वारने जाहीर केलं की त्या राहिलेल्या ९ आता बनवू. जुनी हत्यारं कुठे होती? उरलेल्या मूळ गाड्या मोजून-मापून नवे साचे केले, पत्रा पुन्हा इंग्लिश व्हीलवर चढला, आणि एकेका गाडीला सुमारे १० हजार तासांची मेहनत लागली. एवढ्या मोठ्या कंपनीला, सगळे कागद हाताशी असताना! तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या पोर्ट एलिझाबेथच्या कारखान्यात तुझ्या गाडीला काही महिने जास्त लागले तर मला त्यात नवल वाटत नाही. या शहराचं नाव २०२१मध्ये बदललं, पण क्रिकेट बघणाऱ्यांना ते सेंट जॉर्जेस पार्कच्या मैदानामुळे जुन्याच नावाने माहीत. तिथे गाड्यांचे मोठे कारखाने आहेत, त्यामुळे वेल्डर, फिटर, रंगारी पिढीजात तयार असतात. काम चांगल्या हातात आहे.

इंजिन वेगळं का बसतं यालाही कारण आहे. अमेरिकेत पूर्ण तयार नवी गाडी विकायची तर आजच्या सुरक्षेच्या सगळ्या कसोट्यांना ती उतरली पाहिजे. १९६५च्या आकाराच्या गाडीला ते कसं जमणार? म्हणून इंजिन-गिअरबॉक्स सोडून सगळी गाडी विकायची आणि ते दुसऱ्याने बसवायचं ही वाट पडली. डिसेंबर २०१५मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला की छोट्या कारखान्यांना जुन्या गाड्यांच्या वर्षाला ३२५ पर्यंत प्रतिकृती पूर्ण तयार विकता येतील आणि त्यांना त्या कसोट्यांतून सूट मिळेल. पण कायद्याचे नियम सरकारी खात्याने काढायचे होते, ते वेळेत निघालेच नाहीत. धंद्यातल्या संघटनेला २०१९मध्ये कोर्टात जावं लागलं आणि नियम निघाले ते २०२१च्या सुरुवातीला. म्हणजे तुझ्याआधी या गाड्या बनवणारेसुद्धा पाच वर्षांहून जास्त नुसते वाट बघत बसले होते.

आता तुझ्या ऑफिसातल्या मुलाकडे येतो. त्याचा प्रश्न मला हलका वाटत नाही. प्रतिकृती आणि फसवणूक यांत फरक एकाच गोष्टीचा आहे, जन्मतारीख खरी सांगण्याचा. स्वतः शेल्बीचं उदाहरण घे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने १९६५च्या उरलेल्या चॅसींवर कोब्रा पूर्ण करतो आहोत असं सांगितलं. १९९३मध्ये लॉस एंजेलिसच्या वर्तमानपत्राने शोधून काढलं की त्या चॅसी नव्याने केलेल्या होत्या, आणि पुढे त्याने ते कबूलही केलं. गाडी त्याची, नाव त्याचं, तरी ते खोटं होतं. याउलट तू तुझ्या गाडीच्या कागदावर खरं वर्ष लावशील, पेट्रोल पंपावर कोणी विचारलं तर "प्रतिकृती आहे, अमुक साली बनवून घेतली" असं ताठ मानेने सांगशील, तर तुझी गाडी त्या चॅसींपेक्षा खरी. त्या मुलालाही हेच सांग आणि गाडी आली की पहिल्या फेरीला त्यालाच शेजारी बसव.

इथपर्यंत कामाचा उशीर सांगितला. आता थापेचा.

इथे मिडलँड्समध्ये माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाने अशीच प्रतिकृती एका छोट्या वर्कशॉपकडे मागवली होती. नाव घेत नाही. मालक बोलायला गोड, दर वेळी नवं कारण. आज वेल्डर आजारी, उद्या साचा दुरुस्तीला, परवा बंदरावर संप. याने भरवशावर शेवटचा हप्ताही देऊन टाकला. एके सकाळी गाळ्याला कुलूप. दिवाळखोरीत आतलं सगळं सामान एकत्र विकलं गेलं. त्याची अर्धी झालेली चॅसी तिथे उभी होती, पण त्याच्या पावतीवर चॅसीचा नंबरच नव्हता. ती आपली आहे हे त्याला सिद्ध करता आलं नाही आणि येणेकऱ्यांच्या रांगेत तो सगळ्यात मागे राहिला. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असा हा व्यवहार असतो. म्हणून म्हशीच्या कानाला आपला बिल्ला आधी लावून घ्यायचा.

म्हणजे काय करायचं? तुझ्या नावाने चॅसी घडली की तिचा नंबर लेखी माग. प्रत्येक हप्ता एकेका टप्प्याला बांध. चॅसी झाली, बॉडी बसली, रंग झाला, बोटीवर चढली, असे टप्पे. आणि टप्प्याचे पैसे दिले की तेवढी गाडी तुझ्या मालकीची असं करारात लिहून घे. फोटो मागशील त्यात नंबरची पट्टी दिसली पाहिजे. शेजारच्या निळ्या गाडीचा फोटो कोणीही पाठवू शकतं. टप्पा व्हायच्या आधीच पैसे मागितले, दर वेळी वेगळंच कारण आलं, किंवा "काय चालू आहे?" या प्रश्नाला कामाऐवजी नुसती तारीख मिळाली, तर सावध हो. काम करणारा माणूस कामाबद्दल बोलतो. "डाव्या दाराची फट बसत नाही म्हणून बिजागरी बदलतोय" असं तो म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेव, भले आणखी महिना जावो. "पुढच्या शुक्रवारी नक्की" एवढंच म्हणाला तर ठेवू नकोस. तुझ्या पत्रात तू लिहिलंस की गेल्या वेळी त्यांनी "बॉडी दुसऱ्यांदा प्रायमरमध्ये आहे" असं कळवलं. मुक्ता, मला हे उत्तर आवडलं. म्हणून सांगतो, ऑर्डर रद्द करू नकोस.

आणि मधल्या काळात मनाने भटकू नकोस. आज निळा, उद्या लाल, आज गोल मागचे दिवे, उद्या वेगळे आरसे, असं गिऱ्हाईक निम्म्या कामात बदल सांगतं तेव्हा गाडी रांगेतून बाजूला निघते आणि तिची जागा दुसऱ्याला जाते. जे लिहून दिलंस त्याला चिकटून राहा. पट्टे हवेत का नकोत हा विचार करायची वेळ गेली. हवेत असंच समज.

हे महिने तुला गाडी शिकायला मिळाले आहेत. ७ लिटरचं इंजिन आणि अकराशे किलोंच्या आसपास वजन असलेली गाडी आजच्या गाडीसारखी चालत नाही. बऱ्याच प्रतिकृतींत एबीएस नसतं, चाकं घसरू न देणारी यंत्रणा नसते, एअरबॅग नसते. तुझ्या गाडीत काय आहे ते कारखान्याला विचारून ठेव. पावसात दुसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दाबला तर मागचं अंग पुढे यायला बघतं. तू आजवर ऑटोमॅटिकच चालवलीस. आतापासून क्लचची, मागच्या चाकांवर चालणारी एखादी जुनी गाडी भाड्याने घे, एखाद्या शिकवणाऱ्याबरोबर रिकाम्या ओल्या मैदानावर ती मुद्दाम घसरवून बघ. सावरायचं कसं ते हातापायांना आधी कळलं पाहिजे, मग कोब्रा.

बाजूने जाणारे सायलेन्सरचे पाइप बघायला फार सुंदर, पण गाडी चालून आल्यावर ते रसरसून तापलेले असतात. उतरताना पोटरी चिकटली की चटका बसतो, आणि कोब्रावाल्यांत त्याला सापाचा दंश म्हणतात. पाय उंच टाकून उतरायची सवय कर आणि आईला साडीत बसवू नकोस. चाकं मधल्या एकाच मोठ्या नटाने बसणारी घेतली असशील तर लक्षात ठेव, उजव्या आणि डाव्या बाजूचे आटे उलटसुलट असतात, आणि पहिल्या काही मैलांनंतर ते नट पुन्हा घट्ट करावे लागतात. ते कसे मारायचे हे इंजिन बसवणाऱ्याकडून स्वतःच्या हाताने शिकून घे. विमा काढताना गाडीची किंमत आधीच ठरवून कागदावर घेणारा विमा घे. एरवी विमा कंपनी तिला कोणती गाडी समजेल याचा नेम नाही. आणि टेक्सासात गारा पडतात म्हणून गाडी उभी करायला छप्पर आत्ताच बघून ठेव. या गाडीचं कापडी छप्पर पावसाला पुरतं, गारांना नाही.

एवढं सगळं लिहिलं ते एका कारणासाठी. ही गाडी तू स्वतःच्या पगारातून साठवून मागवलीस, कोणी दिलेली नाही. आमच्या घरात पत्रा ठोकणारे झाले, पण हाताने घडवलेली गाडी कोणी स्वतःसाठी घडवून घेतली नव्हती. मला तुझा अभिमान वाटतो, आणि ती चांगलीच झाली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तर आता एवढं कर. या आठवड्यात कारखान्याला एकच पत्र लिही. त्यात तारीख विचारू नकोस. चॅसीचा नंबर माग, प्रायमरनंतर बॉडी किती दिवस मुरू देणार ते विचार, आणि पट्टे मारणाऱ्या रंगाऱ्याचं नाव विचारून त्याला माझा नमस्कार सांग. पुढचा हप्ता नंबर हातात आल्यावरच भर. उत्तर आलं की मला लगेच कळव, मी वाट बघतो आहे.

तुझे,
अण्णाआजोबा